पंचाहत्तर गेले, पाच आले

इतिहास लिहिणारी माणसं आणि बँकेत ऑडिटला येणारी माणसं यांच्यात मला एक विलक्षण साम्य दिसतं. दोघंही सगळं आटोपल्यावर येतात, चहा घेतात आणि ज्याची नोंद आहे त्याचीच चौकशी करतात. ज्याची नोंद नाही तो जन्माला आला होता की नाही, याच्याशी दोघांनाही कर्तव्य नसतं. मी पडलो कॉमर्सचा. त्यामुळे इतिहासाशी माझा संबंध शाळेबरोबर संपला. पण हिशेबाशी काही सुटला नाही. परिणाम असा, की कुठलाही इतिहास समोर आला की मी आधी बाकी काढायला बसतो. किती गेले, किती आले, आणि फरक कुठे पडला?

हा फरक मला मेक्सिकोच्या किनाऱ्यावर, होडीत बसून जेवायला जाताना सापडला.

आता, बँकेतला कारकून मेक्सिकोला कसा पोचला, हा प्रश्न वाचकांच्या मनात येणं साहजिक आहे. बँकेच्या एलएफसीत परदेश बसत नाही. पण माझा भाचा तिथल्या ग्वादालाहारा शहरात संगणकाच्या नोकरीत आहे. 'दोन वर्षांसाठी जातो' म्हणून गेला, त्याला सात वर्षं झाली. त्यानं तिकिटं पाठवली. ताईनं निघताना माझ्या हातात लाडवांचा डबा दिला आणि कानात एकच गोष्ट सांगितली, "परत कधी येतोय, ते स्पष्ट विचारून ये." लाडू मी पोचवले. दुसरं काम जरा अवघड होतं.

भाच्यानं दोन दिवसांची सहल आखली. पॅसिफिकच्या काठचं एक लहानसं गाव, बार्रा दे नाविदाद. बार्रा म्हणजे वाळूचा दांडा आणि नाविदाद म्हणजे नाताळ. सोळाव्या शतकात स्पेनचा व्हाइसरॉय नाताळच्या दिवशी इथे उतरला, म्हणून हे नाव पडलं. पंचांग बघून गावाला नाव देण्याची ही पद्धत मला आवडली. आपल्याकडे ती लागू केली असती तर निम्म्या गावांची नावं 'संकष्टी' आणि 'अमावास्या' निघाली असती.

गाव आपल्या कोकणातल्या एखाद्या खाडीकाठच्या गावासारखं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाजण, मध्ये वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर गाव. नारळाची झाडं, उकाडा, वाळत घातलेले कपडे. सौ. मालवणची. ती उतरल्याबरोबर म्हणाली, "अहो, एवढ्या लांब कशाला आलो? हे तर आमच्याकडेच होतं."

इथला कार्यक्रम एकच. काठावर 'पांगा' नावाच्या मोटर लावलेल्या लांबट होड्या उभ्या असतात. त्यात बसायचं, खाजण ओलांडायचं आणि समोरच्या कोलिमिया नावाच्या वस्तीत जाऊन मासे खायचे. काही मिनिटांचा प्रवास. पण तेवढ्यात राज्य बदलतं. अलीकडे हालिस्को, पलीकडे कोलिमा. जेवायला दुसऱ्या राज्यात जायचं आणि वामकुक्षीला स्वतःच्या राज्यात परत यायचं, ही सोय मी इतरत्र कुठे पाहिली नाही.

याच पाण्यातून २१ नोव्हेंबर १५६४ रोजी चार जहाजं आणि साडेतीनशेच्या वर माणसं निघाली होती. त्यांचा म्होरक्या मिगेल लोपेस दे लेगास्पी. हा मोठा दर्यावर्दी असेल, असं तुम्हांला वाटेल. छे! हा मेक्सिको शहराच्या नगरसभेत लेखनिक होता. म्हणजे आपल्यातलाच. हयात कागदांत काढलेली, बोटीचा अनुभव नाही, वय साठीच्या घरात. आपण ज्या वयात पेन्शनच्या फॉर्मवर फोटो चिकटवतो त्या वयात हा पॅसिफिक ओलांडायला निघाला. समस्त कारकून वर्गानं या माणसाचा फोटो कॅश काउंटरमागे लावायला हरकत नाही.

त्याच्या हातात हुकूम दिला होता तोही लाखबंद पाकिटात. किनाऱ्यापासून शंभर लीग दूर गेल्यावर फोडायचा! बदलीची ऑर्डर अशी द्यायची कल्पना आमच्या हेड ऑफिसला अजून सुचलेली नाही, हे आमचं नशीब. भर समुद्रात पाकीट फोडलं तेव्हा कळलं, की जायचं फिलिपिन्सला. मार्ग दाखवायला बरोबर घेतलेला आंद्रेस दे उर्दानेता नावाचा अनुभवी साधू चांगलाच नाराज झाला. त्याला न्यू गिनीकडे जायचं होतं. पण पाकिटापुढे साधूचंही चालत नाही.

जाणं सोपं होतं. वारं पाठीशी होतं. येणं मात्र तोवर कोणालाच जमलेलं नव्हतं. आधीच्या मोहिमा तिकडेच अडकल्या होत्या. या वेळी ते जमलं आणि पहिल्यांदा जमलं ते 'सान लुकास' नावाच्या सगळ्यांत धाकट्या जहाजाला. ते वाटेत बाकीच्यांपासून सुटलं, फिलिपिन्सला जाऊन उत्तरेच्या वाऱ्यानं फिरलं आणि ९ ऑगस्ट १५६५ रोजी याच नाताळ बंदरात परत आलं. ते चालवणारा लोपे मार्तिन हा आफ्रिकी वंशाचा पोर्तुगीज. मागाहून उर्दानेताचं जहाज आलं, आणि नाव झालं उर्दानेताचं. काम एकानं करायचं आणि बढती दुसऱ्याला मिळायची, ही प्रथा किती जुनी आहे ते यावरून कळावं.

गावाचं नशीबही लोपे मार्तिनसारखंच. उर्दानेताचं जहाज ऑक्टोबरच्या सुरुवातीला इथवर आलं आणि पुढे निघून गेलं. ८ तारखेला ते आकापुल्कोला पोचलं, कारण तिथलं बंदर खोल आणि सुरक्षित. झालं! मुख्य शाखा आकापुल्कोला गेली. त्यानंतर अडीचशे वर्षं, १८१५ पर्यंत, मनिलाची गलबतं रेशीम, चिनीमाती आणि मसाले घेऊन आकापुल्कोला येत राहिली आणि चांदी भरून परत जात राहिली. नाताळ बंदराच्या वाट्याला एका रस्त्यावर लेगास्पीचं नाव आलं आणि मासळी तेवढी राहिली.

त्या चांदीचं मात्र मला व्यावसायिक कौतुक आहे. कोलिमियाच्या खानावळीत मेनू आला तेव्हा प्रत्येक पदार्थापुढे डॉलरचं चिन्ह बघून सौ.नं तो मिटलाच. "एका माशाचे अडीचशे डॉलर? त्यापेक्षा घरी लाडू आहेत." भाचा हसून म्हणाला, "मामी, ते पेसो आहेत." मेक्सिकोत पेसोलाही तेच चिन्ह, किंबहुना बहुतेक जाणकारांच्या मते ते चिन्ह मूळचं पेसोचंच, डॉलरनं ते उचललं. अमेरिकेत हे जुने चांदीचे पेसो १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होते. हीच चांदी एकीकडून मनिलामार्गे चीनला गेली आणि दुसरीकडून युरोपमार्गे सुरतेला आली, आणि तिथल्या टांकसाळीत तिचे मोगली रुपये पडले. महाराजांनी १६६४ साली सुरत लुटली, त्या रुप्यात मेक्सिकोच्या खाणींचाही वाटा असणारच. हे ऐकल्यावर मी अडीचशे पेसोंचा मासा निश्चिंत मनानं मागवला.

मासा मधोमध उघडून, तिखट चोपडून निखाऱ्यावर भाजलेला. त्याआधी सेविचे. म्हणजे कच्च्या मासळीचे तुकडे लिंबाच्या रसात मुरवलेले. सौ.नं काट्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "चूल पेटवायची राहिली का यांची?" पण एक घास खाल्ल्यावर पुढची चौकशी तिनं थांबवली.

मी सवयीनं त्या ताटाचा ताळेबंद मांडला. मिरची, टोमॅटो, मका हे इथलंच भांडवल. लिंबू, कांदा, कोथिंबीर, तांदूळ ही समुद्रापलीकडून आलेली ठेव. जेवणानंतर आंबा आला. त्या जातीचं नावच 'मनिला', कारण हिंदुस्थानाकडून फिलिपिन्सला गेलेला आंबा गलबतांतून इथे उतरला. चिंचेच्या गोळ्या आल्या, वर मीठ आणि तिखट लावलेल्या. चिंचेला ते 'तामारिन्दो' म्हणतात. मूळ अरबी 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. झाड मुळात आफ्रिकेचं, पत्ता मात्र आपल्या घरचा लावून जगभर फिरतं आहे. उलट हिशेबात त्यांची मिरची पोर्तुगीजांनी दुसऱ्या समुद्रातून गोव्याला आणली. त्यांचा चिक्कू तर आपलं नावसुद्धा बरोबर घेऊन आला. तिथे त्याला अजून 'चिकोसापोते' म्हणतात. आमच्या घोलवडच्या बागायतदारांना सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी मान्सानियोला गेलो. आता हे मेक्सिकोचं सगळ्यांत गजबजलेलं कंटेनर बंदर. रस्त्यावर एक माणूस काहीतरी विकत होता. भाच्यानं पेला पुढे केला. एक घोट घेतला आणि सौ. ओरडलीच, "अहो, ही तर माडी!" खरोखरच माडी. ताजी, गोड, वर शेंगदाणे टाकलेली. नाव 'तुबा'. हा शब्द फिलिपिनो.

फिलिपिनो शब्द इथे कसा आला, त्याची एक नोंद आहे. सेबास्तियान दे पिनेदा नावाच्या कप्तानानं १६१९ साली स्पेनच्या राजाला लिहून कळवलं, की १६१८ मध्ये 'एस्पिरितु सान्तो' जहाजावर पंचाहत्तर फिलिपिनो खलाशी आले, आणि परतीच्या सफरीला त्यांतले पाचसुद्धा धड जास्त नव्हते. बाकीचे गेले कुठे? किनाऱ्यावर उतरले, कोलिमाच्या नारळबागांत शिरले आणि माडी काढून दारू गाळू लागले. ती इतकी खपते, की स्पेनची द्राक्षाची दारू कोणी घेईनासं झालं आहे. तरी या लोकांना पकडून परत पाठवावं, ही विनंती.

याला म्हणतात ऑडिट! माणसं हरवली याचं दुःख नाही. महसूल बुडाला याचं आहे. ती माणसं का परतली नाहीत, ते विचारायला हवं होतं. ही जहाजं बांधायला फिलिपिन्सच्या खेड्यांतून सक्तीनं माणसं धरत. परतीचा प्रवास म्हणजे पुन्हा तेच जोखड. त्यापेक्षा समोर माड होते, आणि माडावर चढायचं कसं ते त्यांना ठाऊक होतं.

त्या सत्तर जणांचं एकही नाव मला ठाऊक नाही. आमच्या भाषेत ते उचंत खात्यात गेले. म्होरक्यांची नावं रस्त्यांना मिळाली. पण चारशे वर्षांनी भर उन्हात माझ्या हातात जो पेला आला, तो न परतलेल्यांनी भरलेला होता.

रात्री भाच्याच्या घरी परतलो. त्याच्या गॅलरीत एका कुंडीत कढीपत्ता होता. चांगला कमरेइतका वाढलेला. शेजारची मेक्सिकन बाई अधूनमधून पानं मागून नेते म्हणे, कशात घालते ते देव जाणे. मी कुंडीकडे पाहिलं. कढीपत्ता इतका वाढायला काही वर्षं लागतात, हे मला कळतं. ताईचं काम मी तिथेच संपलं असं धरलं, आणि विचारलं नाही.

घरी आल्यावर ताईनं विचारलंच, "काय म्हणाला? कधी येतोय?" मी तिला खाजण सांगितलं, होडी सांगितली, माडी सांगितली, पंचाहत्तर आणि पाचाचा हिशेब सांगितला, आणि शेवटी कुंडी सांगितली. ताई बराच वेळ गप्प होती. आता रडणार, असं वाटलं.

मग म्हणाली, "कढीपत्ता आहे ते ठीक. फोडणीला हिंग मिळतो का रे तिथे?"