जीव आणि वाणी

वर्ध्याच्या भूमीस मौनाचे माहात्म्य नवीन नाही. सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजी दर सोमवारी मौन पाळीत. त्याच आश्रमात १९३६ साली त्यांच्या आमंत्रणावरून तुकडोजी महाराज सुमारे महिनाभर राहिले, आणि त्यांच्या खंजिरी-भजनाने पुढे विदर्भातील गावे जागी केली. स्वेच्छेने धरलेले मौन हे व्रत होय. रोगाने लादलेले मौन ही शिक्षा होय. स्वरयंत्राच्या कर्करोगाच्या चिकित्सेचा इतिहास हा ती शिक्षा टाळण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

या इतिहासाचा आरंभ युरोपात झाला. ३१ डिसेंबर १८७३ रोजी व्हिएन्ना येथे बिलरोथ या शस्त्रवैद्याने कर्करोगग्रस्त स्वरयंत्र प्रथमच समूळ काढले. रोगी शस्त्रक्रियेतून वाचला, तरी काही महिन्यांतच रोगाने पुन्हा डोके वर काढले. पुढे जर्मनीचा सम्राट तिसरा फ्रेडरिक याच व्याधीने ग्रस्त झाला. शस्त्रक्रिया करावी की नाही, यावर १८८७ साली जर्मन व इंग्रज वैद्यांत मोठा वाद माजला आणि शस्त्रक्रिया राहिली. १८८८ साली तो गादीवर बसला तेव्हा श्वासासाठी त्याच्या गळ्याला छिद्र पाडलेले होते. वाचा गेलेला तो सम्राट चिठ्ठ्या लिहून राज्य करीत अवघ्या नव्व्याण्णव दिवसांत निवर्तला.

पुढे शस्त्रक्रिया सुधारली, किरणोपचारही आले. तथापि रोग बळावला की जीव हवा तर वाणी सोडा, हाच बहुधा निवाडा असे. तो १९९१ साली बदलला. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ३३२ रोग्यांवर एक तुलनात्मक प्रयोग झाला. काहींचे स्वरयंत्र काढले. इतरांस आधी औषधे व मग किरण दिले. दोन वर्षांनी दोन्ही गटांत शेकडा ६८ रोगी जिवंत होते. परंतु दुसऱ्या गटात शेकडा ६४ जणांचे स्वरयंत्रही शाबूत होते. २००३ सालच्या दुसऱ्या अभ्यासात सिसप्लॅटिन हे औषध किरणांच्या जोडीनेच दिले, तेव्हा दोन वर्षांनी शेकडा ८८ जणांचे स्वरयंत्र टिकलेले आढळले.

मात्र टिकलेले स्वरयंत्र सर्वदा कामाचे असतेच असे नाही. काहींस गिळणे कठीण होते. रोगाने कूर्चा पोखरली असल्यास आजही शस्त्रच बहुधा श्रेयस्कर ठरते. म्हणून वाणी राखण्याचा खरा प्रश्न वेळेचा आहे.

आणि येथेच आमच्या जिल्ह्याचा संबंध येतो. १९६९ साली सेवाग्रामास वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. वैद्य आता दूर राहिला नाही. परंतु बिडी ओढणारा शेतमजूर बसलेल्या आवाजास सर्दी समजून काढे पीत राहतो. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सात आठवडे चालतात. कापूस वेचणीच्या दिवसांत इतकी मजुरी बुडविणे त्यास परवडत नाही. अर्धवट सोडलेला उपचार मात्र जीव व वाणी दोन्ही धोक्यात घालतो.

तेव्हा सुशिक्षित कुटुंबांचे कर्तव्य आम्हांस स्पष्ट दिसते. घरच्या गड्याचा किंवा शेजाऱ्याचा आवाज तीन आठवडे बसलेला राहिला, तर त्यास घशाच्या वैद्याकडे न्यावे. उपचार लांबले, तर त्याच्या घरची चूल पेटती ठेवावी. तुकडोजी महाराज १९६८ साली कर्करोगानेच गेले, आणि नागपूरचे कर्करोग रुग्णालय आज त्यांचे नाव धारण करते. गावोगावच्या भजनमंडळांतील कंठ शाबूत राहावेत, हीच त्या नावाची खरी पूजा होय.