चार रुपयांचा गोलंदाज

आमच्या वर्गातील मुलांना शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे साल विचारले तर चार-पाच हात वर होतात. पण २०२४ च्या नोव्हेंबरातील आय.पी.एल.च्या लिलावात ऋषभ पंत केवढ्याला गेला असे विचारा. सारा वर्ग एका सुरात ‘सत्तावीस कोटी!’ म्हणून गर्जेल. मुलांचे यात काही चुकते असे मला वाटत नाही. अंगच्या गुणाचे चार पैसे होत असतील तर त्यात वाईट काय? परंतु याच आपल्या पुण्यात एका गोलंदाजाच्या गुणाचे मोल एके काळी काय होत होते, तो हिशेबही मुलांच्या कानावर घालावा असे मात्र वाटते.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ सालचा. घराणे मूळचे कोकणातले, जात चांभार, वडील लष्करी नोकरीत. म्हणून मुलांचे बालपण पुण्याच्या लष्कर भागात गेले. गोऱ्या शिपायांनी टाकून दिलेली बॅट आणि चेंडू घेऊन बाळू व धाकटा शिवराम खेळायला शिकले. पोट भरण्यासाठी बाळूंनी पहिली नोकरी धरली ती पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि रूळ फिरवण्याचे. महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते साहेबांच्या पूना क्लबात गेले, तेव्हा एका रुपयाची बढती मिळाली. महिना चार रुपये! रोजाने धरले तर दोन आण्यांहून किंचित अधिक. त्यात रूळ फिरवायचा, जाळी बांधायची, टेनिसच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या आणि साहेबांना सराव हवा असेल तेव्हा डाव्या हाताने चेंडू टाकायचे.

या शेवटच्या कामाने त्यांचे नशीब फिरवले. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नावाजलेला फलंदाज. (हा गृहस्थ पुढे लष्कर सोडून चक्क पाद्री झाला.) तो बाळूंना रोज तासन्‌तास गोलंदाजी करायला लावी आणि आपल्याला बाद केल्यास दर खेपेला आठ आणे देई, असे सांगतात. आता बालवाचकांनीच गणित करावे. सोळा आण्यांचा रुपया. म्हणजे महिन्यात साहेब आठ वेळा बाद झाला की दुसरा पगार हातात! चेंडू कुठे पडतो, किती वळतो, याकडे बाळूंचे डोळे का लागून राहिले असतील, ते निराळे सांगायला नको. त्या जाळीत हजारो चेंडू टाकले, पण बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही. फलंदाजी हे साहेबांचे काम, गोलंदाजी नोकराचे!

ही कीर्ती पुण्याच्या हिंदू क्लबापर्यंत गेली. गोऱ्यांना हरवायचे तर हा गोलंदाज हवाच, म्हणून थोडीफार कुरकूर होऊन त्यांना संघात घेतले गेले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांच्या हातून फिरे, त्याचा विटाळ कुणाला होत नसे. चहाची वेळ झाली की मंडळी आत बसत आणि बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या कुल्हडात. जेवणाचे ताट वेगळे, जागाही वेगळी. मला तर वाटते, चार रुपयांपेक्षा हा हिशेब अधिक कडू आहे. पगार कमी असला तर तो वाढवून मागता येतो; हे कुणाकडे मागायचे?

प्लेगच्या सुमारास ते मुंबईला आले. तिथे बी.बी.सी.आय. रेल्वेची नोकरी मिळाली आणि हिंदू जिमखान्याकडून खेळणेही. १९०६ साली मुंबईच्या मैदानावर हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. त्या संघात बाळू व शिवराम हे दोघे भाऊ होते.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नायकत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला. संघ सामन्यामागून सामने हरत होता आणि महाराजांचे पुष्कळसे लक्ष दरबारी समारंभांकडे लागले होते. अशा संघात पस्तिशीचे बाळू टाकत राहिले, टाकत राहिले. दौऱ्याअखेर त्यांचे बळी ११४, सरासरी १८.८४. हिंदुस्थान अधिकृत कसोटी पहिल्याने खेळला तो १९३२ साली; तोवर त्यांचे वय छप्पन्न झाले होते. प्रथम श्रेणीच्या अवघ्या ३३ सामन्यांत त्यांचे १७९ बळी आहेत, प्रत्येकी सुमारे पंधरा धावांना. रूळ ओढणाऱ्या हातांची ही कमाई.

हिंदू संघाचे नायकपद मात्र त्यांना कधी मिळाले नाही. १९२० साली त्यांना संघातूनच वगळले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी खेळायला नकार दिला. बराच गवगवा झाला. अखेर बाळूंना उपनायक केले, नायक एम. डी. पै काही काळ मैदान सोडून बाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी संघ चालवला. पै यांनी हे जाणूनबुजून केले म्हणतात, आणि तसे असेल तर त्या माणसाला माझा नमस्कार.

उतारवयात ते राजकारणात पडले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना उभे केले ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध! ज्या आंबेडकरांना तरुणपणी या गोलंदाजाचा अभिमान वाटे, त्यांच्याशीच हा सामना. सुमारे दोन हजार मतांनी बाळू हरले.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांना न मिळालेले नायकपद १९२३ सालीच घरात आले होते. त्या वर्षी हिंदू संघाचा नायक होता त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल, आणि चौरंगी स्पर्धा हिंदूंनीच जिंकली.