छावणीतील गर्भिणीचे ताट : नियम, निषेध आणि त्यांचे वय

मराठा सरदार दौलतराव शिंदे यांच्या सैन्याने १८१०च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला आणि तो तळ पुढे कधी उठलाच नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, वाड्यांभोवती बाजार भरले आणि त्यातून लष्कर नावाचे शहर उभे राहिले. शिंदे की छावनी, कंपू ही तेथील मोहल्ल्यांची नावे या लष्करी उगमाची साक्ष आजही देतात. टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ साली दौलतरावांच्या फिरत्या छावणीतून लिहिलेली आणि १८१३ साली प्रसिद्ध झालेली पत्रे वाचली, तर ही छावणी केवळ शिपायांची नव्हती, तिच्याबरोबर बाजार आणि कुटुंबकबिलेही चालत होते, हे स्पष्ट दिसते. सैन्याच्या इतिहासात तोफांची आणि पगाराच्या थकबाकीची मोजदाद सापडते, परंतु त्याच छावणीत स्त्रिया गरोदर राहत होत्या, त्यांना काय खाऊ घालावे आणि काय वर्ज्य करावे याचे निर्णय रोज घेतले जात होते, याची नोंद दफ्तरांत सहसा सापडत नाही. हे ज्ञान पोथीतून नव्हे, तर सासू, आत्या, मावशी आणि सुईण यांच्या तोंडून दक्षिणेतून उत्तरेत आले आणि ते अनादी काळापासून असेच चालत आले आहे, अशी समजूत त्याबरोबर आली. ही समजूत तपासून पाहिली असता असे दिसते की गर्भिणीच्या आहारातील विधी, म्हणजे ‘हे खावे’ असे सांगणारे नियम, खरोखर जुने आहेत. निषेधांपैकी सर्वांत कडकपणे पाळले जाणारे काही मात्र तुलनेने अगदी अलीकडचे आहेत.

आयुर्वेदात गरोदर स्त्रीच्या आहार-विहाराच्या नियमांना गर्भिणी-परिचर्या म्हणतात आणि तिचे विवेचन चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीराची घडण व गर्भाची वाढ सांगणाऱ्या विभागात, येते. चरकाने महिन्यावार आहार सांगितला आहे : पहिल्या महिन्यात औषधे न घातलेले साधे दूध, दुसऱ्या महिन्यात मधुर गणातील वनस्पतींनी सिद्ध केलेले दूध, तिसऱ्यात मध व तूप घातलेले दूध, चौथ्यात दुधाबरोबर एक अक्ष म्हणजे साधारण तोळाभर लोणी, पाचव्यात तूप, आणि आठव्या महिन्यात दुधात शिजवलेली तूप घातलेली यवागू, म्हणजे पातळ पेज. सुश्रुताचा क्रम याहून थोडा वेगळा असून त्यात दुधाच्या जोडीला साठीचा, म्हणजे साठ दिवसांत पिकणाऱ्या तांदळाचा, भात आणि चौथ्या महिन्यात जांगल मांसही, म्हणजे कोरड्या प्रदेशातील हलक्या प्राण्यांचे मांसही, येते, तर गर्भाला अपायकारक गोष्टी सांगताना चरक मद्याबरोबर मांसही वर्ज्य करतो. दोन प्रमाणग्रंथांत असा उघड मतभेद असल्यामुळे ‘शास्त्रात असे सांगितले आहे’ या वाक्याने पुढील काळात कोणाचेही समाधान करता आले. लष्करच्या मराठा सरदारांच्या मुदपाकखान्यात मांस शिजत होते आणि शेजारच्या ब्राह्मण कारकुनाच्या घरात ते निषिद्ध होते. दोघांनाही आपापल्या बाजूने एकेक संहिता उपलब्ध होती.

निषेधांचा पहिला थर चरकाचा आहे, आणि त्याचे स्वरूप मात्र नीट पाहिले पाहिजे. अतिशय जड, उष्ण व तीक्ष्ण अन्न आणि मादक पेये टाळावीत, असे तो सांगतो, आणि पुढे एकेका रसाच्या नित्य व अति सेवनाचे परिणाम देतो : सदैव गोड खाणाऱ्या स्त्रीचे अपत्य प्रमेही, म्हणजे मधुमेहासारख्या मूत्रविकाराचे, किंवा अतिस्थूल होते, सदैव खारट खाणाऱ्या स्त्रीच्या अपत्याला अकाली सुरकुत्या पडतात व केस पिकतात, इत्यादी. यांतील कार्यकारणभाव आजच्या कसोटीवर टिकणारा नाही, तरी भर पदार्थावर नसून अतिरेकावर आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. कोणतेही एक फळ किंवा एक भाजी एकदा खाल्ल्याने गर्भ पडेल, अशी घरोघरी आढळणारी धास्ती या यादीत दिसत नाही.

याच ग्रंथांत डोहाळ्यांचा विचार येतो. गर्भाचे हृदय व्यक्त झाले की गर्भवती दोन हृदयांची होते आणि गर्भाच्या इच्छा तिच्या मुखातून प्रकट होतात, असे मानले गेले. चरक ही अवस्था तिसऱ्या महिन्यात, तर सुश्रुत चौथ्या महिन्यात सांगतो. डोहाळे पुरवले नाहीत तर अपत्यात व्यंग येते, ही समजूत तेथूनच निघते. चरकाने त्यात एक व्यवहारी तोडगा घातला आहे : स्त्रीची इच्छा फारच तीव्र असेल, तर अपायकारक वस्तूसुद्धा हितकर वस्तूत मिसळून तिला द्यावी. घरच्या कडक सासूपेक्षा चरक येथे अधिक मऊ आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात राणी सुदक्षिणेला मातीचे डोहाळे लागल्याचे वर्णिले आहे. माती, खापरी, चुना, कच्चे तांदूळ खाण्याची ही ओढ लोहाच्या कमतरतेशी निगडित असते, असे आधुनिक वैद्यक मानते, आणि त्या दृष्टीने पाहिल्यास कवीने राजघराण्याचे वैभव सांगताना नकळत रक्तक्षयाचे एक लक्षण नोंदवून ठेवले आहे.

मराठी कुटुंबांनी या कल्पनेचा सोहळा केला. तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता भरायची चोरओटी, सातव्या महिन्यातील डोहाळजेवण, फुलांची वाडी म्हणजे गर्भवतीला घालायचे फुलांचे दागिने, झोपाळा किंवा चंद्राची आरास, झाकलेल्या वाट्यांतून पेढा की बर्फी हे ओळखायला लावणारा खेळ आणि डोहाळ्यांची गाणी, हा सारा क्रम मराठी कुटुंबांबरोबर उत्तरेत आला. तेथे त्याला गोदभराई या तशाच उत्तरेकडील विधीचा शेजार मिळाला. बाळंतपणानंतरही हाच सारखेपणा दिसतो, कारण बुंदेलखंडात बाळंतिणीसाठी वनौषधी घालून उकळलेले चरुआचे पाणी आणि सुंठीचे लाडू, तर मराठी घरात बाळंतकाढा, बाळंतशोपा, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर असते.

निषेधांचा दुसरा थर उष्ण-थंड या घरगुती वर्गीकरणाचा आहे. येथे उष्णता म्हणजे पदार्थाचे तापमान नव्हे, तर शरीरावर होणारा त्याचा मानलेला परिणाम होय. गर्भारपण हीच उष्ण अवस्था समजली जात असल्यामुळे त्यात उष्ण पदार्थ वर्ज्य, आणि प्रसूतीनंतर शरीर थंड पडते असे मानल्यामुळे तेच पदार्थ अगत्याचे ठरतात. या व्यवस्थेला अंतर्गत तर्क आहे, परंतु चंबळच्या परिसरात ती आणली गेली तेव्हा तिचा भार वाढला असला पाहिजे. या भागात हिवाळ्याचे अन्न म्हणजे बाजरी, तीळ, गूळ आणि मोरेना-ग्वाल्हेरची प्रसिद्ध गजक. हे सर्व पदार्थ घरगुती यादीत उष्ण, आणि हेच लोह व कॅल्शियम यांचे स्थानिक व स्वस्त भांडार. नियम काटेकोरपणे पाळणाऱ्या घरातील स्त्री हिवाळ्यात गरोदर असेल, तर परिसरातील सर्वांत पौष्टिक धान्य व बिया नेमक्या त्याच काळात तिच्या ताटातून जात. त्यात ‘पोटात अन्न जास्त झाले तर मूल दबते’ आणि ‘मूल मोठे झाले तर बाळंतपण अडते’ या भारताच्या अनेक प्रांतांत आढळणाऱ्या समजुतींची भर पडली की ताट आणखी लहान होई. गरोदर स्त्रीने घरातील सर्वांच्या नंतर जेवायचे, या रिवाजाला तर शास्त्राचा आधार देण्याची गरजही कोणाला वाटली नाही.

तिसरा थर पपईचा आहे, आणि तो सर्वांत बोलका आहे. आज कोणत्याही मराठी घरात गर्भवतीने काय खाऊ नये असे विचारले, तर पहिले उत्तर पपई आणि दुसरे बहुधा अननस असे येते. दोन्ही फळे अमेरिका खंडातील असून सोळाव्या शतकात पोर्तुगीज व स्पॅनिश जहाजांच्या व्यापारातून ती आशियात आली. लिन्सखोतेन या डच प्रवाशाने गोव्यात राहून लिहिलेल्या आणि १५९६ साली छापलेल्या ग्रंथात पपईची नोंद आहे. याचा अर्थ असा की चरक-सुश्रुतांना ही फळे माहीत असणे शक्यच नव्हते, आणि त्यांवरची बंदी, ती कितीही सनातन वाटली तरी, फार तर चार-पाचशे वर्षांची आहे. ती निराधार आहे असे मात्र म्हणता येत नाही. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पिकलेल्या पपईच्या रसाने उंदरांच्या गर्भाशयाचे लक्षणीय आकुंचन झाले नाही, परंतु कच्च्या पपईच्या चिकाने ते झाले. कच्च्या फळाचा चीक पाहून कोणा अनुभवी सुईणीने केलेला इशारा पुढे कच्चे-पिके हा भेद गमावून सर्व पपयांना लागू झाला असावा, हा तर्क या प्रयोगाशी जुळतो.

या परंपरेची सुरुवातीची एक आधुनिक तपासणी एका मराठी स्त्रीने केली. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांतच दगावले होते. त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेतली, आणि त्यासाठी लिहिलेला प्रबंध आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती, परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले आणि परंपरेला आतून ओळखणारी व बाहेरून तपासू शकणारी ती दृष्टी रुग्णशय्येपर्यंत पोचली नाही. ग्वाल्हेरमध्ये आधुनिक वैद्यक संस्थांच्या रूपाने आले : महाराज माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत १८९९ साली जयारोग्य रुग्णालय सुरू झाले, पुढे स्त्रियांसाठी कमलाराजा रुग्णालय आले आणि १९४६ साली गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले.

आहाराच्या प्रश्नाला निर्णायक वळण मात्र मुंबईत मिळाले. डॉक्टर मार्गारेट बालफोर यांच्या पुढाकाराने मातामृत्यूंची चौकशी चालू असताना ल्युसी विल्स ही इंग्रज संशोधक १९२८ साली मुंबईला आली आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणात होणाऱ्या एका विशिष्ट रक्तक्षयाचा अभ्यास तिने हाफकिन संस्थेत केला. या रक्तक्षयात तांबड्या पेशी संख्येने घटतात पण आकाराने मोठ्या होतात. त्यामागे जंतू नसून आहारातील उणीव आहे, हे दाखवून तिने मार्माइट म्हणजे यीस्टचा स्वस्त अर्क दिला आणि रुग्ण स्त्रिया बऱ्या झाल्या. १९३१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या अर्कातील अज्ञात घटकाला पुढे १९४१ साली पालकाच्या पानांपासून वेगळा केल्यावर फोलिक आम्ल हे नाव मिळाले, आणि १९९१ साली हेच आम्ल गर्भधारणेपूर्वीपासून घेतल्यास बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोष बऱ्याच अंशी टळतात हे सिद्ध झाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ सालापासून जवळच्या सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासातही २००१ साली असेच काही दिसले : हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे जन्मतः अधिक भरलेली होती. चरकाचे दूध येथे पुन्हा भेटते. पालेभाजी त्याच्या महिन्यावार यादीत नव्हती.

सुरक्षित अन्नाची चर्चा करताना पाण्याकडे सहसा दुर्लक्ष होते. दिल्लीत १९५५-५६च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून काविळीची प्रचंड साथ आली, ती पुढे हेपॅटायटिस ई या विषाणूची असल्याचे निष्पन्न झाले, आणि हाच विषाणू गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत कमालीचा घातक ठरतो; काही साथींत अशा पाच रुग्णांपैकी सुमारे एक दगावल्याची नोंद आहे. त्यामुळे ग्वाल्हेरला पाणी पुरवणाऱ्या सांक नदीवरील तिघरा धरणाचा इतिहासही गर्भिणीच्या आहाराच्या इतिहासातच मोडतो. माधवरावांच्या काळातील हे धरण १९१७ साली फुटले आणि पुन्हा उभारले गेले. अभियंते विश्वेश्वरय्या यांनी पुण्याजवळच्या खडकवासल्यासाठी योजलेले स्वयंचलित दरवाजे येथेही बसवण्यात आले. दूध उकळूनच प्यायचे, या मराठी घरांच्या सवयीने कच्च्या दुधातील रोगजंतूंपासून कित्येक पिढ्या वाचल्या असतील, पण पाणी उकळण्याचा असा नियम घरगुती याद्यांत सहसा आढळत नाही.

आजच्या वैद्यकाच्या दृष्टीने न उकळलेले दूध, अर्धे कच्चे मांस व अंडी, उघड्यावरची चिरलेली फळे, शंकास्पद पाणी, मद्य आणि कच्ची पपई टाळावी. पिकलेली पपई, अननस, तीळ किंवा बाजरी बेताने खाण्यात धोका असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार गर्भवतीला रोज सुमारे ३५० किलोकॅलरी अधिक लागतात, म्हणजे नेहमीच्या जेवणाबरोबर आणखी एक मोठी भाकरी आणि पेलाभर दूध, आणि शेवटच्या तिमाहीत २२ ग्रॅम अधिक प्रथिने. सरकारी कार्यक्रमात त्याशिवाय ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असलेली गोळी चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस रोज दिली जाते.