तळटीप : बाबुआण्णा

७. बाबुआण्णा : कथाकार जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांना घरची माणसे या नावाने हाक मारीत. जीए धारवाडच्या जेएसएस महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत. आईवडील लवकर गेले आणि लग्न त्यांनी केले नाही. सभा-समारंभ टाळणारा एकलकोंडा लेखक हीच त्यांची ख्याती. मात्र प्रभावती आणि नंदा या मावसबहिणींचे पालकपण त्यांच्याकडे आपसूक आले व त्यांनी ते निभावले. कन्नडमध्ये ‘अण्णा’ म्हणजे थोरला भाऊ. मराठी घरांत वडिलांनाही अण्णा म्हणतात. धारवाडच्या त्या दुभाषी घरात या एका हाकेत दोन्ही नाती मावली. नंदा पैठणकर यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नावही ‘प्रिय बाबुआण्णा’ असेच आहे.

मजकुरात पुढे उल्लेखलेला ‘कैरी’ हा अमोल पालेकर दिग्दर्शित चित्रपट जीएंच्या त्याच नावाच्या कथेवर आधारलेला आहे. त्यातही पोरके मूल नातलगाच्या दारी येते. तिथे मात्र माया लावते ती मावशी. कथेला आत्मचरित्र समजू नये. वाचकाने आधी मूळ कथा वाचावी.