डॉक्टरांना केव्हा कळायला हवे होते?

मारतहळ्ळी आणि तिच्या आसपासचा आउटर रिंग रोड हा बंगळुरूतल्या तरुण नोकरदारांचा भाग. सोलापूर, कोल्हापूर, नांदेड, बेळगावहून आलेली कितीतरी मराठी मुलेमुली इथे पीजीत किंवा भाड्याच्या घरात राहतात. लहानपणी घरच्यांना न परवडलेली दातांची तार पंचविशी-तिशीत स्वतःच्या पगारातून, हप्त्यांवर लावून घेणारे त्यांच्यात पुष्कळ आहेत. उपचार दीड-दोन वर्षांचा असतो. तेवढ्यात नोकरी बदलते, घर बदलते, दवाखान्यातले डॉक्टरही बदलतात. कधी पुढचा दात हलू लागतो, हिरडी सरकून मूळ उघडे पडते, वरचे-खालचे दात एकमेकांवर बसेनासे होतात. मग प्रश्न येतो : केस करायची का?

त्याचे उत्तर शोधण्याआधी दात कसा सरकतो ते पाहिले पाहिजे, कारण कायद्याचा अर्धा वाद तिथेच ठरतो. दाताचे मूळ जबड्याच्या हाडात थेट रुतलेले नसते. दोहोंमध्ये तंतूंचा पातळ थर असतो. तारेने सौम्य दाब सतत दिला की दाबाच्या बाजूचे हाड विरघळते आणि मागच्या बाजूला नवे हाड भरते. अशा रीतीने दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. हाड विरघळवणाऱ्या पेशी कधीकधी मुळाचे टोकही खातात. थोडीशी झीज बहुतेक रुग्णांत होते आणि तिने काही बिघडत नाही. गंभीर झीज, म्हणजे मुळाचा एक-तृतीयांश किंवा अधिक भाग जाणे, शंभरांत एक ते पाच जणांत दिसते आणि वरच्या पुढच्या दातांना तिचा धोका सर्वाधिक असतो. गेलेले मूळ परत येत नाही. दाब काढला की झीज मात्र थांबते. कायद्याच्या दृष्टीने हीच गोष्ट निर्णायक आहे.

दात पुन्हा वाकडे होणे ही तक्रारही सर्रास ऐकू येते. रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातला अभ्यास प्रसिद्ध केला. उपदाढा काढून उपचार केलेल्या ६५ रुग्णांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांचे खालचे पुढचे दात, रिटेनर (तार काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारे साधन) सोडल्यावर दहा वर्षांनी, असमाधानकारक स्थितीत होते. उपचार सर्वमान्य पद्धतीनेच झालेला होता. तेव्हा दात पुन्हा वाकले एवढ्यावरून डॉक्टरांची चूक सिद्ध होत नाही. रिटेनर किती काळ लावायचा हे त्यांनी सांगितलेच नसेल, तर गोष्ट वेगळी.

वैद्यकीय निष्काळजीपणाच्या भारतीय कायद्याचा पाया एका मराठी घरातल्या दुःखावर उभा आहे. ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका मुलाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला नेले. तिथे पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवले गेले, असे न्यायालयांना आढळले. ९ मे रोजी मुलगा गेला. वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दावा लावला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने तो सर्वोच्च न्यायालयात १९६८ मध्ये निकाली निघाला. भरपाई होती ३,००० रुपये, पण त्या निकालाने डॉक्टरची तीन कर्तव्ये कायमची मांडून ठेवली : रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना काळजी आणि तो उपचार देताना काळजी.

ही तीन कर्तव्ये दंतोपचाराला लावून पाहिली की तक्रारीला आकार येतो. हिरड्यांचा आजार चालू असताना तार लावली असेल, तर चूक पहिल्या पायरीवर आहे. आजार आटोक्यात आणल्याशिवाय दात सरकवू नयेत, ही या शास्त्रातली प्राथमिक शिकवण आहे आणि प्रौढ रुग्णांत हा आजार वारंवार आढळतो. सुरुवातीला पूर्ण जबड्याचा ओपीजी एक्सरे, कवटीचा बाजूचा एक्सरे, दातांचे साचे, छायाचित्रे यांपैकी काहीच न घेता योजना आखली असेल, तर दुसऱ्या पायरीवर. चुकीचा दात काढला, दाब नको तितका दिला, मधली तपासणी टाळली, तर तिसऱ्या.

दुसऱ्या पायरीवर मात्र जपून बोलावे लागते. 'चार चांगले दात उगाच काढले' ही तक्रार हरण्याचीच शक्यता जास्त. दात काढून जागा करावी की न काढता जबड्याची कमान रुंद करावी, यावर एडवर्ड अँगल आणि कॅल्विन केस यांच्या पंथांत अमेरिकेत १९११ मध्येच जाहीर वाद झाला आणि तो आजही पुरता मिटलेला नाही. इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलम खटल्याची कसोटी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात स्वीकारली. जाणकार डॉक्टरांच्या एका जबाबदार गटाला मान्य असलेली पद्धत वापरली असेल, तर दुसऱ्या गटाला ती पटत नाही म्हणून तो निष्काळजीपणा ठरत नाही. मिशिगनमध्ये १९८७ साली ज्यूरीने याच्या उलट दिशेचा निकाल दिला. उपदाढा काढून केलेल्या उपचारामुळे जबड्याच्या सांध्याचे दुखणे जडले, असे मानून एका दंतवैद्याला ८,५०,००० डॉलर भरायला सांगितले. त्यानंतर या प्रश्नावर भरपूर संशोधन झाले आणि असा कार्यकारणसंबंध त्यातून सिद्ध झाला नाही. उपचारानंतर दुखले आणि उपचारामुळे दुखले यांतले अंतर पुराव्याने भरून काढणे तक्रारदाराच्या माथी असते, हे त्या खटल्याने शिकवले.

माझ्या मते या विषयाचा गाभा तिसऱ्या पायरीवर आहे. शस्त्रक्रिया तासाभरात संपते. तिथली चूक एका क्षणाची असते. तारेच्या उपचारात रुग्ण दर चार-सहा आठवड्यांनी त्याच खुर्चीत बसतो, म्हणजे दोन वर्षांत सुमारे सतरा ते सव्वीस वेळा. प्रत्येक भेट ही चूक लक्षात येण्याची आणि सुधारण्याची संधी असते. म्हणून 'दात का बिघडले' याहून महत्त्वाचा प्रश्न असा की ते बिघडत आहेत हे डॉक्टरांना केव्हा कळायला हवे होते आणि कळल्यावर त्यांनी काय केले?

मुळाच्या झिजेचेच उदाहरण घ्या. ती दुखत नाही, बाहेरून दिसत नाही. म्हणूनच उपचार सुरू झाल्यापासून सहा ते बारा महिन्यांत पुढच्या दातांचा एक्सरे काढण्याची शिफारस आहे. झीज दिसली तर दोन-तीन महिने तार निष्क्रिय ठेवून विश्रांती द्यायची, मग योजना आखडती घ्यायची. आता एकाच जखमेची दोन चित्रे पाहा. पहिल्यात नवव्या महिन्याला एक्सरे काढला, झीज दिसली, रुग्णाला सांगितले, विश्रांती दिली, तरी एक दात गेला. हे दुर्दैव आहे, त्यावर खटला उभा राहणार नाही. दुसऱ्यात वीस महिने एकही एक्सरे नाही, दात हलतोय असे रुग्णाने दोनदा सांगितले, उत्तर आले 'असे होतेच', आणि तार पुन्हा घट्ट केली. दात तितकाच गेला, पण इथे चूक आहे. तारेभोवती दातांवर पडणाऱ्या पांढऱ्या डागांचेही तसेच : रुग्ण दात नीट घासत नसेल तर जबाबदारी त्याचीही आहे, पण अस्वच्छता दर भेटीत दिसत असताना डॉक्टरांनी ना ताकीद दिली, ना नोंद केली, ना तार काढण्याचा विचार केला, तर तीही तपासणीतलीच कसूर.

संमतीचा मुद्दा यालाच जोडून येतो. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले की उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि मोठे धोके पुरेसे समजावून घेतलेलीच संमती खरी. पहिल्या दिवशी हप्त्यांच्या कागदांबरोबर घेतलेली सही ही ती संमती नव्हे. उलटपक्षी, मुळे झिजू शकतात हे सांगितलेले व लिहिलेले असेल तर 'मला कल्पनाच नव्हती' हे म्हणणे टिकत नाही. मधली तपासणी टाळण्याची मुभा मात्र त्या सहीने डॉक्टरांना मिळत नाही.

निष्काळजीपणा सिद्ध करणे अवघड असले तरी सेवेतील त्रुटी दाखवणे बऱ्याचदा सोपे असते आणि इथे लोक हकनाक माघार घेतात. सांगितलेले तज्ज्ञ प्रत्यक्षात आलेच नाहीत, वर्षभरात चार वेगवेगळ्या डॉक्टरांनी तार घट्ट केली, पैसे पूर्ण घेऊन उपचार अर्धवट सोडला, केस पेपर द्यायला नकार दिला, या गोष्टी पावत्या आणि व्हॉट्सॲपच्या संदेशांवरून दाखवता येतात. छोट्या दवाखान्यांत दात सरकवण्याचे तज्ज्ञ ठरावीक दिवशी येऊन जातात, हे सर्वांना माहीत आहे. त्यात गैर काही नाही. पण काही बिघडले की दवाखाना म्हणतो 'ते डॉक्टर आमचे नाहीत'. २००४ च्या सविता गर्ग निकालाने रुग्णालयाची ही पळवाट बंद केली आहे. तक्रारदाराने संस्थेला सामनेवाले केले तरी पुरते. काळजी घेतली होती हे मग संस्थेने दाखवायचे. तार कोणी लावली हेही विचारा. दात सरकवण्याचे विशेषज्ञत्व बीडीएसनंतरच्या तीन वर्षांच्या एमडीएसने मिळते. बीडीएस डॉक्टर नोंदणीकृत दंतवैद्यच असतो, त्यामुळे त्याने तार लावली एवढाच दोष पुरेसा नाही. तज्ज्ञ असल्याचे भासवून लावली असेल, तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. घरपोच मिळणाऱ्या अलाइनरबाबत (तारेऐवजी वापरायच्या पारदर्शक कवचांबाबत) धोका आणखी मोठा आहे, कारण तिथे खुर्चीतली तपासणीच उणी होते. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही या धंद्यातली बडी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये अचानक बंद पडली आणि तिचे रुग्ण मधल्या मधे अडकले.

दाद कुठे मागायची? पैसे मोजून घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून पक्के आहे. २०१९ च्या नव्या कायद्यातून डॉक्टर वगळले गेले असा दावा मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. तो २०२१ मध्ये फेटाळला गेला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केले. जिल्हा ग्राहक आयोगाची मर्यादा मोजलेल्या मोबदल्यावर ठरते. ती ५० लाखांपर्यंत असल्याने दातांची तक्रार तिथेच जाईल, आणि मोबदला ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क काहीच नाही. मारतहळ्ळी सोडलेल्यांसाठी या कायद्याचे कलम ३४ मोलाचे आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. उपचार बंगळुरूत झाला आणि आता तुम्ही पुण्यात किंवा कोल्हापुरात असाल, तर तिथे दाखल करा. तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही नोंदवता येते.

तज्ज्ञाचे मत लागते का? २०१० च्या किशन राव निकालानुसार प्रत्येक प्रकरणात नाही. डावीकडचा दात काढायचा असताना उजवीकडचा काढला, हे सांगायला तज्ज्ञ नको. मुळांच्या झिजेला मात्र हवाच, आणि दुसऱ्या दंतवैद्याचे लेखी मत मिळवणे हा सगळ्यात खडतर टप्पा आहे. डॉक्टर डॉक्टरविरुद्ध लिहायला कचरतात. सरकारी दंत महाविद्यालयाच्या विभागाकडून, दोष न विचारता फक्त सद्यस्थितीचा अहवाल मागितला तर तो मिळण्याची आशा अधिक असते. आजची मुळे आणि सुरुवातीचा एक्सरे शेजारी ठेवले की बरेच काही आपोआप बोलते.

पोलिसांकडे जाण्याचा सल्ला मी देणार नाही. जेकब मॅथ्यू निकालाने फौजदारी गुन्ह्यासाठी अतिशय ढोबळ निष्काळजीपणाची अट घातली आहे, आणि तारेच्या उपचारात ती क्वचितच पुरी होते. राज्य दंत परिषद डॉक्टरवर शिस्तभंगाची कारवाई करू शकते, पैसे मिळवून देऊ शकत नाही. कर्नाटकात खासगी दवाखान्यांच्या नोंदणीचा २००७ चा कायदा आहे. दवाखाना नोंदणीकृत आहे का, हे त्याखाली पाहता येते.

मुदतीकडे मात्र फार दुर्लक्ष होते. ग्राहक तक्रारीला दोन वर्षे मिळतात. गोव्यातल्या एका परिचारिकेवर मुंबईत १९९३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. पोटदुखी चालूच राहिली. २००२ मध्ये पोटातून कापडाचा बोळा निघाला. तिने २००४ मध्ये तक्रार केली. लपलेली इजा उघड झाल्यापासून मुदत मोजता येते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या श्रीखंडे विरुद्ध फर्नांडिस निकालात मान्य केले, तरी नऊ वर्षे दुखत असताना वैद्यकीय ज्ञान असलेल्या व्यक्तीने चौकशी केली नाही, म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरवली. मला तो निकाल कठोर वाटतो, पण कायदा तोच आहे. दात हलतोय हे मार्चमध्ये कळले आणि डॉक्टरांच्या 'बघू पुढच्या महिन्यात'वर वर्ष गेले, तर ते वर्ष तुमच्याच खात्यातून वजा होऊ शकते.

म्हणून ज्यांचा उपचार चालू आहे किंवा नुकताच संपला आहे, त्यांनी खटल्याचा निर्णय पुढे ठेवावा, पण कागद आजच मागावेत : पहिला आणि नंतरचा प्रत्येक एक्सरे, छायाचित्रे, केस पेपर, संमतीपत्र, पावत्या. लेखी मागावेत, ईमेलने, तारखेसह. आपली कागदपत्रे मिळण्याचा रुग्णाचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ च्या रहेजा प्रकरणात मान्य केला आहे. मग दुसऱ्या दंतवैद्याला दाखवून आधी दात वाचवा, आणि कागद पाहूनच वकिलाकडे जा.