सॅम बेकेट घरी का परतला नाही?

५ मे १९९३ रोजी अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर ‘क्वांटम लीप’ या मालिकेचा अखेरचा भाग दाखविण्यात आला. शेवटी पडद्यावर काही अक्षरे उमटली. डॉ. सॅम बेकेट कधीच घरी परतला नाही, असा त्यांचा आशय होता. घाईत नायकाच्या आडनावाचे स्पेलिंगही चुकले होते; अखेरची दोन ‘टी’ हवीत, तिथे एकच पडली होती. चार वर्षे मालिका पाहणारे अनेक प्रेक्षक थक्क झाले, संतापले.

हा संताप समजून घ्यायचा, तर मालिकेची मांडणी पाहायला हवी. २६ मार्च १९८९ रोजी सुरू झालेल्या या मालिकेचा नायक पदार्थवैज्ञानिक होता. माणसाचे आयुष्य म्हणजे एक दोरा. त्याची दोन टोके बांधून दोरा चुरगळला, की दूरदूरचे दिवस एकमेकांना टेकतात, अशी त्याची उपपत्ती. (ही उपमा आहे, भौतिकशास्त्र नव्हे, पण वर्गात दोरा घेऊन करून दाखवायला फार छान!) त्यामुळे तो स्वतःच्या आयुष्याच्या काळातच उड्या मारी, दुसऱ्या कुणाच्या तरी जागी पोहोचे आणि त्या माणसाच्या आयुष्यात बिघडलेले काही दुरुस्त करी. आरशात त्याला त्या माणसाचा चेहरा दिसे. सोबतीला मित्र अल असे, तोही त्रिमितीय प्रतिमेच्या रूपात. पुढची उडी तरी घरी नेईल, ही आशा प्रत्येक भागाच्या सुरुवातीला बोलून दाखविली जाई. म्हणजे प्रेक्षकांना दर आठवड्याला एक वचन मिळत होते. १९९१ च्या सुरुवातीला प्रक्षेपण थांबले, तेव्हा याच प्रेक्षकांनी वाहिनीला पत्रे लिहून मालिका परत आणविली होती.

अखेरच्या भागात सॅम त्याच्या जन्मदिवशी, ८ ऑगस्ट १९५३ रोजी, खाणकामगारांच्या एका गावातल्या मद्यालयात अवतरतो आणि आरशात स्वतःलाच पाहतो. घरी जाणे त्याच्याच हाती आहे, असे तिथला मालक सुचवितो. पण सॅमला आठवते ती बेथ. अल व्हिएतनाममध्ये युद्धकैदी असताना तो मेला असे समजून ती पुन्हा लग्न करते. १९९० मधल्या एका भागात नियमावर बोट ठेवून सॅमने तिला काही सांगायचे नाकारले होते. आता तो १९६९ मध्ये जातो आणि अल जिवंत आहे, वाट पाहा, असे तिला सांगतो. पुढचा हंगाम मिळेल की नाही, हे चित्रीकरणाच्या वेळी ठरले नव्हते. तो मिळाला नाही.

काहींना हा त्याग भावला, बहुतेकांना वचनभंग वाटला. आम्हाला मात्र तिसरा आक्षेप महत्त्वाचा वाटतो. बेथ थांबली, तर अलचे आयुष्य वेगळ्या वाटेने जाणार. मग तो सॅमच्या प्रयोगशाळेत येईल का? आला नाही, तर सॅमला वाट दाखविली कुणी? आणि अलच नसेल, तर बेथकडे जाण्याचे सॅमला सुचले कसे?

गंमत अशी, की त्याच वर्षांत शास्त्रज्ञही नेमके हेच विचारीत होते. सामान्य सापेक्षतेची समीकरणे भूतकाळात जाणाऱ्या वाटा पूर्णपणे निषिद्ध ठरवीत नाहीत, हे कुर्ट गोडेल यांनी १९४९ मध्येच दाखविले होते. १९८८ मध्ये किप थॉर्न व सहकाऱ्यांनी कृमिविवरातून अशी वाट कशी निघेल, ते मांडले. त्यावर जोसेफ पोलचिन्स्की यांनी थॉर्न यांना एक कोडे घातले. बिलियर्डचा चेंडू विवरात शिरतो, थोडा आधीच्या क्षणी बाहेर पडतो आणि स्वतःलाच धडकून आत जाण्यापासून रोखतो. मग बाहेर आला कोण? थॉर्न यांच्या विद्यार्थ्यांनी उत्तर शोधले. धडक ओझरती बसते, चेंडू किंचित वळतो, तरी विवरात शिरतोच. आणि वळून शिरल्यामुळेच बाहेर पडताना धडक ओझरती बसते. हा निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी डेव्हिड डॉइच यांनी वेगळी सोडवणूक मांडली. प्रवासी पोहोचतो तो इतिहासाच्या दुसऱ्या शाखेत. डॉ. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा याच जातीची. तिथे विश्वासराव वाचतात, मराठे जिंकतात. पण आपल्या शाखेतला १७६१ चा पराभव जागच्या जागी राहतो. स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ मध्ये सारेच मोडीत काढले. निसर्ग असे यंत्र बनूच देत नसावा, हा त्यांचा तर्क. सिद्धता अजून कुणापाशीच नाही.

एनबीसीने २०२२ मध्ये ही मालिका नव्या नायकासह पुन्हा सुरू केली. ती दोन हंगाम चालून २०२४ मध्ये बंद झाली. सॅम त्यातही परतला नाही. बेथ मात्र दिसली, १९९० च्या भागातल्याच अभिनेत्रीच्या रूपात, अलची विधवा म्हणून. तिने वाट पाहिली होती, संसार झाला होता, मुली झाल्या होत्या. आणि अल तरीही त्या प्रयोगशाळेत गेलाच होता.