मतपेट्यांची बेरीज : सातारा-सांगलीच्या काही निवडणुका

१९५७ साली मतदानास गेलेल्या माणसाला मतपत्रिकेवर कोठेही शिक्का मारावयाचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची पेटी स्वतंत्र असे, तीवर त्याचे चिन्ह चिकटविलेले असे आणि मतदाराने आडोशामागे जाऊन हातातील चिठ्ठी आपल्या पसंतीच्या पेटीत सोडावयाची असे. लोकसभा आणि विधानसभा या दोहोंचे मतदान एकाच वेळी होते. त्यामुळे एकाच माणसाला दोन चिठ्ठ्या दोन वेगळ्या पेट्यांत टाकाव्या लागत, आणि त्या दोन पेट्या एकाच पक्षाच्या असतील असे मुळीच नव्हते. संयुक्त महाराष्ट्र समितीचे यश समजून घ्यावयाचे असेल तर व्यासपीठावरील भाषणांपेक्षा या आडोशामागील दृश्यापासून सुरुवात करणे मला अधिक उचित वाटते.

समिती हा पक्ष नव्हता. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात ती स्थापन झाली. तिच्यात प्रजा समाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेतकरी कामगार पक्ष होता, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होते. निवडणुकीपुरते जनसंघ आणि हिंदुमहासभा हे पक्षही सोबत आले. एरवी ही माणसे एका मांडवात जेवावयास बसली नसती. त्यांना एकत्र आणले ते एकाच प्रश्नाने. १ नोव्हेंबर १९५६ रोजी गुजरात व महाराष्ट्र यांचे विशाल द्वैभाषिक राज्य अस्तित्वात आले होते, आणि मराठी माणसाला मुंबईसह स्वतःचे राज्य हवे होते. जागावाटप झाले, तरी चिन्ह ज्याचे त्याचेच राहिले. म्हणून समितीला मत म्हणजे एके ठिकाणी झोपडी, दुसरीकडे विळा आणि कणीस, तर आणखी कोठे हत्ती. शेजारच्या मतदारसंघातील पाहुण्याने सांगितलेले चिन्ह आपल्या गावी चालेलच असे नसे. ज्या समाजात अक्षरओळख असलेली माणसे थोडी होती, त्या समाजाने ही कसरत केली, हे मला त्या निवडणुकीतील सर्वांत विलक्षण वाटते.

सातारा लोकसभा मतदारसंघात समितीतर्फे कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील उभे होते. बेचाळीसच्या लढ्यातील प्रतिसरकारचा हा नेता. त्या काळी आजचा सांगली जिल्हा साताऱ्यातच होता. १९४९ साली तो दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे नानांचे नाव दोन्ही जिल्ह्यांत सारखेच घरोघरी पोहोचलेले. काँग्रेसमधून शेतकरी कामगार पक्षात आणि तेथून कम्युनिस्ट पक्षात असा त्यांचा प्रवास झाला होता. मतदाराने त्यांना निवडून दिले ते मार्क्सचा ग्रंथ वाचून नव्हे, हे सांगण्यास इतिहासकाराची गरज नाही. मात्र समितीची लाट सर्वत्र सारखी नव्हती. शेजारची कऱ्हाड लोकसभेची जागा काँग्रेसच्या दाजीसाहेब चव्हाणांनी राखली. कऱ्हाडच्या विधानसभा मतदारसंघात तर राज्याचे मुख्यमंत्रीच उमेदवार होते. यशवंतराव चव्हाण तेथे शेतकरी कामगार पक्षाच्या केशवराव पवारांविरुद्ध दोन हजारांहूनही कमी मतांनी निवडून आले. ती काही शे मते इकडची तिकडे झाली असती, तर महाराष्ट्राच्या पुढील तीस वर्षांचा इतिहास वेगळ्या रीतीने लिहावा लागला असता.

येथे कॅथलिक वाचकाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. १ जुलै १९४९ रोजी रोमच्या होली ऑफिसने फर्मान काढून कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होणे किंवा त्याला पाठबळ देणे श्रद्धावंतांस निषिद्ध ठरविले होते. आता संयुक्त महाराष्ट्र हवा असलेल्या कॅथलिक मतदारापुढे समितीची पेटी म्हणून विळा आणि कणसाची पेटी आली, तर त्याने काय करावे? हा प्रश्न केवळ राजकीय नव्हता, सदसद्विवेकबुद्धीचा होता. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हांस शिकविले जाई की, एका कृतीचे दोन परिणाम होत असतील तर हेतू कोणता, साधन कोणते आणि इष्ट परिणाम अनिष्टाच्या तुलनेत किती वजनाचा, हे तपासावे. ग्रंथातील उदाहरणे वैद्याची आणि सैनिकाची असत. मतपेटीचे उदाहरण काही आठवत नाही. पण आपल्याला न पटणाऱ्या पक्षाच्या पेटीत, पटणाऱ्या कारणासाठी चिठ्ठी टाकणे हे त्याच जातीचे कोडे आहे. समितीतील एखाद्या कट्टर हिंदुमहासभावाल्यापुढेही ते तितकेच बिकट उभे राहिले असेल.

इंग्लंडमध्ये या प्रकारच्या मतदानाचा बराच अभ्यास झालेला आहे. आपल्याकडे त्याला रूढ शब्द नाही. डावपेचाचे मतदान म्हणता येईल. प्रचारात मात्र ‘मत वाया घालवू नका’ या चार शब्दांत ते खेड्यापाड्यांत सर्वांना समजते. ज्याला सर्वांत अधिक मते तो विजयी, मग ती निम्म्याहून कमी का असेनात, ही पद्धत आपण इंग्रजांकडूनच घेतली. पोपमहोदयांच्या निवडणुकीत असे नाही. तेथे ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेपासून दोनतृतीयांश मतांचा दंडक आहे. कोणालाच तेवढी मते पडली नाहीत की पुन्हा मतदान होते आणि कार्डिनल मंडळी आधीच्या फेरीचा कल पाहून आपले मत बदलू शकतात. आपल्या मतदाराला दुसरी फेरी नाही. इतर काय करणार आहेत याचा अंदाज त्याने आधीच बांधावयाचा आणि एकदाच, न पाहता, मत द्यावयाचे.

१९९७ च्या ब्रिटिश निवडणुकीत हे अंदाज फार अचूक ठरले. लिबरल डेमोक्रॅट पक्षाची मते १९९२ च्या १७.८ टक्क्यांवरून १६.८ टक्क्यांवर आली, परंतु जागा २० वरून ४६ झाल्या. मजूर पक्षाला मानणारे पुष्कळ लोक जेथे आपला उमेदवार निवडून येणे शक्य नव्हते तेथे लिबरलांकडे वळले आणि लिबरल इतरत्र मजूर पक्षाकडे. काँग्रेसविरोधाच्या जागी तेथे हुजूरविरोध होता एवढेच. हुजूर पक्ष १६५ जागांवर आला. त्यातही टॅटन मतदारसंघाची कथा प्रसिद्ध आहे. तेथील हुजूर खासदार नील हॅमिल्टन यांच्यावर पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारल्याचा आरोप होता. तेव्हा मजूर आणि लिबरल या दोन्ही पक्षांनी आपापले उमेदवार मागे घेतले आणि मार्टिन बेल हे बीबीसीचे युद्धवार्ताहर अपक्ष म्हणून उभे राहिले. ११,०७७ मतांनी ते विजयी झाले.

टॅटनला पक्षांनी माघार घेतली आणि मतदार मोकळा झाला. सांगलीत २०२४ साली घडले ते याच्या उलट्या बाजूने. पण त्याआधी २०१९ पाहावे लागेल.

सांगली हा १९६२ पासून २०१४ पर्यंत काँग्रेसचा अभेद्य गड समजला जाई. वसंतदादा पाटलांच्या घराण्याकडे ती जागा दीर्घकाळ राहिली. २०१४ साली भारतीय जनता पक्षाच्या संजयकाका पाटलांनी दादांचे नातू प्रतीक पाटील यांचा पराभव केला. २०१९ साली आघाडीने ही जागा राजू शेट्टींच्या स्वाभिमानी पक्षाला सोडली आणि दादांचेच दुसरे नातू विशाल पाटील त्या पक्षाच्या चिन्हावर उभे राहिले. काँग्रेसच्या माणसाला हात हे चिन्ह यंत्रावर सापडलेच नाही. त्याच वेळी वंचित बहुजन आघाडीतर्फे गोपीचंद पडळकर रिंगणात उतरले. निकाल असा लागला : संजयकाका पाटील ५,०८,९९५, विशाल पाटील ३,४४,६४३, पडळकर ३,००,२३४. दुसऱ्या आणि तिसऱ्याची बेरीज पहिल्याहून एक लाख पस्तीस हजारांनी अधिक होते. तेव्हापासून ‘मतविभागणीमुळे सांगली गेली’ हे वाक्य पाठ झाले.

मला ही बेरीज कधीच पटलेली नाही. कागदावर दोन आकडे एकाखाली एक लिहिले म्हणून माणसे एकत्र येत नाहीत. पडळकरांची मते ही दादांच्या घराण्याच्या हक्काची, वाट चुकलेली मते होती असे मानणे म्हणजे त्या तीन लाख माणसांना स्वतःचे मत नव्हते असे म्हणणे आहे. धनगर समाजाचे प्रश्न घेऊन ते उभे होते आणि प्रस्थापित घराण्यांना कंटाळलेल्या पुष्कळांनी त्यांना मत दिले. पडळकर स्वतः त्याच वर्षी भाजपमध्ये गेले आणि विधानसभेला बारामतीत अजित पवारांविरुद्ध लढले. मग ती तीन लाख मते कोणत्या बाजूला मांडावयाची?

२०२४ साली महाविकास आघाडीत सांगली शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाकडे गेली. दोनदा महाराष्ट्र केसरी झालेले पैलवान चंद्रहार पाटील मशाल चिन्हावर अधिकृत उमेदवार झाले. काँग्रेसच्या स्थानिक मंडळींनी पुष्कळ विनवण्या केल्या, दिल्लीपर्यंत गेले. जागा सुटली नाही. विशाल पाटलांनी लिफाफा या चिन्हावर अपक्ष अर्ज ठेवला. वरच्या पातळीवर आघाडी अभंग होती आणि कोणीही माघार घेतली नव्हती. मतदारासमोर आता तीन पाटील होते आणि भाजपच्या पाटलाला विरोध करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला शेजाऱ्याच्या मनातील कौल ओळखावयाचा होता. विशाल पाटलांना ५,७१,६६६ मते पडली, संजयकाकांना ४,७१,६१३ आणि आघाडीच्या अधिकृत उमेदवाराला ६०,८६०. त्यांची अनामतही राहिली नाही. टॅटनला जी माघार पक्षांनी घेतली, ती येथे मतदारांनी पक्षांच्या वतीने परस्पर घेऊन टाकली. निकालानंतर दोनच दिवसांनी विशाल पाटलांनी काँग्रेसला पाठिंब्याचे पत्र दिले आणि लोकसभेतील तिची संख्या ९९ वरून १०० झाली.

साताऱ्याची गोष्ट निराळी. तेथील मतदाराने एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रवादीच्या उदयनराजे भोसल्यांना सव्वा लाखाच्या फरकाने निवडून दिले, त्यांनी पक्ष बदलून राजीनामा दिल्यावर ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत त्यांनाच श्रीनिवास पाटलांकडून ८७,७१७ मतांनी पराभूत केले. १८ ऑक्टोबरची शरद पवारांची भर पावसातील सभा सर्वांच्या स्मरणात आहे. पण सभेने सगळे केले असे मी म्हणणार नाही. छत्रपतींच्या गादीविषयीचा आदर आणि पक्षांतराविषयीची नापसंती या दोन्ही भावना एकाच मतदाराच्या मनात नांदत होत्या आणि त्या वेळी दुसरी वरचढ ठरली.

२०२४ साली मात्र साताऱ्यात आघाडी एकसंध होती, बंडखोरी नव्हती, उमेदवार शशिकांत शिंदे जाणते होते. पक्षफुटीनंतर पवारांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे नवे चिन्ह मिळाले होते. यंत्रावर एका अपक्षाच्या नावापुढे पिपाणीचे चित्र होते; त्या चिन्हाचे मराठी नावही ‘तुतारी’ असेच दिले गेल्याची तक्रार पक्षाने निवडणूक चालू असतानाच केली होती. उदयनराजे ३२,७७१ मतांनी विजयी झाले. पिपाणीला मिळालेली मते होती ३७,०६२. जिल्ह्यात फारशा परिचित नसलेल्या अपक्षाला एवढी मते केवळ स्वतःच्या बळावर मिळाली, यावर विश्वास ठेवणे जड जाते. अर्थात ती सर्वच्या सर्व मते शिंदे यांची होती असेही छातीठोकपणे म्हणता येणार नाही. आणि नुसत्या आकड्यांची बेरीज करण्याविरुद्ध वर जे लिहिले ते येथेही लागू आहे. तरीही १९५७ च्या निरक्षर मतदाराने झोपडी, हत्ती आणि कणीस यांत गल्लत केली नाही आणि साक्षर जिल्ह्यातील हजारो मतदार दोन वाद्यांत चुकले असावेत, याचे कारण शोधले पाहिजे. मला दिसते ते असे की, समितीचे चिन्ह मतदाराला वर्षभराच्या चळवळीने, मोर्च्यांनी आणि शाहिरांनी शिकविले होते. कोणत्या पेटीत टाकावयाचे हे विचारावे लागले, तरी कशासाठी टाकावयाचे हे कोणाला विचारावे लागले नाही. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंतप्रधान नेहरू शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणास प्रतापगडावर आले, तेव्हा समितीने साताऱ्याच्याच मुलखात निदर्शने केली. निवडणूक संपली तरी चळवळ चालूच होती. २०२४ च्या तुतारीला मतदानापूर्वी पुरते तीन महिनेही मिळाले नव्हते.

समितीच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. तिने आपला हेतू लपविला नाही आणि हेतू साधल्यावर ती फार काळ टिकलीही नाही. १ मे १९६० रोजी राज्य झाले. प्रजा समाजवादी बाहेर पडले. १९६२ साली विधानसभेच्या २६४ जागांपैकी २१५ काँग्रेसला मिळाल्या आणि साताऱ्याची लोकसभेची जागा किसन वीरांनी जिंकली. तेही बेचाळीसच्या लढ्यातलेच. ज्यांनी पाच वर्षांपूर्वी विळा आणि कणसाच्या पेटीत चिठ्ठी टाकली होती, त्यांतील पुष्कळजण आपल्या मूळ घरी परतले होते. त्यांचे काम झाले होते.

सांगलीचा २०२४ चा हिशेब इतका स्वच्छ मिटला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. सांगली शहराच्या मतदारसंघात काँग्रेसचे अधिकृत उमेदवार पृथ्वीराज पाटील होते आणि त्यांच्याविरुद्ध वसंतदादांच्या घराण्यातील जयश्री पाटील बंडखोरी करून अपक्ष उभ्या राहिल्या. जूनमध्ये जो मार्ग यशस्वी ठरला होता तोच, त्याच घराण्याचा, त्याच शहरात. या वेळी मतदाराने कोणा एकाच्या मागे जाण्याचा कौल दिला नाही आणि भाजपचे सुधीर गाडगीळ पुन्हा निवडून आले. साताऱ्यात तर जिल्ह्यातील आठही जागा महायुतीकडे गेल्या. लोकसभेला पडलेले संजयकाका पाटील विधानसभेला अजित पवारांच्या पक्षातर्फे उभे राहिले आणि तेथेही हरले. जून २०२५ मध्ये चंद्रहार पाटील एकनाथ शिंद्यांच्या शिवसेनेत गेले आणि त्याच महिन्यात जयश्री पाटील भाजपमध्ये.